बाबासाहेबांचे इतिहास आणि राजकारणावरील ग्रंथ कसे वाचावेत

6 डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जाडजूड खंड विकत घेऊन ते प्रवासाच्या पिशवीत जपून ठेवणारी माणसे पाहिली की मन भरून येते. पुढे मात्र यांतले बरेच खंड कपाटात राहतात, असा माझा अनुभव आहे. वाचणाऱ्याची इच्छा कमी पडते असे नाही. कोठून सुरुवात करावी, काय आधी वाचावे आणि कित्येक दशकांपूर्वीच्या युक्तिवादाला आजच्या प्रश्नांशी कसे जोडावे, हे कोणी सांगितलेले नसते. मग वाचक थेट पाकिस्तानवरील ग्रंथ उघडतो, लोकसंख्येच्या आणि सैन्यभरतीच्या तक्त्यांत अडकतो आणि थांबतो. अशा वाचकाला उपयोग व्हावा म्हणून, अभ्यासवर्गात इतरांबरोबर वाचताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट खरेदीची. सगळे खंड एकदम घेण्याची गरज नाही. महाराष्ट्र शासनाने 14 एप्रिल 1979 रोजी प्रकाशित केलेला आणि वसंत मून यांनी संपादित केलेला इंग्रजी लेखनाचा पहिला खंड एकटाच वर्षभर पुरतो. ‘कास्ट्स इन इंडिया’, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, ‘रानडे, गांधी आणि जिना’, भाषिक राज्यांवरील दोन्ही लेखने आणि ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे सारे त्यात आहे. इंग्रजी सहज जमत नसेल तर मराठी अनुवाद घ्यावेत, परंतु एकाच ग्रंथाचे अनुवाद वेगवेगळ्या नावांनी निघालेले असल्यामुळे मूळ इंग्रजी नाव आणि वर्ष आतल्या पानावर पाहूनच पुस्तक निवडावे. शक्य असेल तर मूळ इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी. बाबासाहेबांचे इंग्रजी वाक्य लांब असले तरी गुंतागुंतीचे नसते, आणि एखादा शब्द अनुवादात सौम्य किंवा तीव्र झाला आहे का, हे पाहण्यासाठी ती प्रत कामी येते.

वाचनाची सुरुवात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनाने करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते बाराव्या खंडात आहे आणि एका बैठकीत वाचून होते. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात आणि त्यांची जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो, हा प्रसंग त्यात आहे. 1934 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून उठलेला गदारोळही आहे. हे वाचल्यानंतर पुढच्या ग्रंथांतले तक्ते, संस्कृत ग्रंथांतील उतारे आणि घटनात्मक तरतुदी कोरड्या वाटत नाहीत, कारण त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला पाण्याचा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहिलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. बाबासाहेबांचा जवळजवळ प्रत्येक ग्रंथ एका विशिष्ट तारखेला, एका विशिष्ट प्रतिपक्षाला दिलेले उत्तर आहे. म्हणून कोणताही ग्रंथ उघडण्यापूर्वी वहीत तीन नोंदी कराव्यात: हा मजकूर कोणत्या वर्षी लिहिला गेला, तो कोणापुढे ठेवायचा होता, आणि त्या क्षणी कोणता निर्णय व्हायचा होता. या नोंदी प्रस्तावनांमध्ये सापडतात, आणि बाबासाहेबांच्या प्रस्तावना कधीही वगळू नयेत. चां. भ. खैरमोडे यांचे चरित्रखंड हाताशी असतील तर त्या वर्षाच्या घडामोडीही पडताळता येतात.

या तीन नोंदींचे मोल ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचताना लगेच कळते. हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या 1936 च्या परिषदेसाठी अध्यक्षीय भाषण म्हणून लिहिले होते. मंडळातली माणसे सवर्ण सुधारक होती, आणि त्याआधीच ऑक्टोबर 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. मंडळाला भाषणातील काही भाग नको होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद झालीच नाही. आणि त्यांनी स्वखर्चाने 1500 प्रती छापल्या. म्हणजे आपण जे वाचतो ते एक न झालेले भाषण आहे, आणि त्याचा श्रोता जातिभेद मोडू इच्छिणारा, परंतु धर्मग्रंथांच्या प्रामाण्याला हात लावण्यास न धजणारा सुधारक आहे. हा श्रोता ध्यानात ठेवला की सहभोजन आणि आंतरजातीय विवाह यांच्यापुढे जाऊन बाबासाहेब शास्त्रप्रामाण्यावरच का येतात, हे उलगडते. जे आधीच पटलेले आहे त्याच्यापुढची पायरी ते त्याला दाखवत आहेत.

याच ग्रंथाची 1937 ची दुसरी आवृत्ती मिळवून किंवा तिच्यावरून छापलेला पाठ घेऊन वाचावे, कारण तिच्यात मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, महात्मा गांधींचे ‘हरिजन’मधले जुलै 1936 चे लेख आणि बाबासाहेबांचे उत्तर, असे सर्व काही आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या पुस्तकात पूर्ण छापणारा लेखक वाचकाकडून काय मागतो, याचा विचार करावा. माझी सूचना अशी की आधी भाषण वाचावे, मग पुस्तक मिटून गांधीजींचा आक्षेप स्वतःच्या शब्दांत लिहावा, त्याला आपण काय उत्तर दिले असते तेही लिहावे, आणि त्यानंतरच बाबासाहेबांचे उत्तर उघडावे. दोन संध्याकाळी लागतात, पण ग्रंथ कायमचा आपला होतो.

‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध याच्या आधी किंवा लगेच नंतर वाचावा. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला हा निबंध पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा आहे, आणि त्याचा प्रश्न अगदी नेमका आहे: एखादा गट आपल्याच आत लग्ने करीत राहावा म्हणून कोणती यंत्रणा लागते? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांना बाबासाहेब या एकाच यंत्रणेचे भाग ठरवतात, कारण जोडीदार गेल्यावर उरलेली स्त्री किंवा उरलेला पुरुष गटाबाहेर लग्न करू नये, ही त्या गटाची चिंता असते. येथे आजच्या संदर्भाचा शोध घ्यायचा असेल तर फार दूर जावे लागत नाही. वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिराती आणि आंतरजातीय विवाहानंतर होणारे हिंसाचार समोर ठेवावेत, आणि निबंधातले कोणते विधान त्यांना लागू पडते व कोणते पडत नाही, ते वाक्यावाक्याने तपासावे. सती आणि बालविवाह कायद्याने बंद झाले तरी अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच जातीत लग्न करण्याची रीत, टिकून आहे, मग त्याची नवी यंत्रणा कोणती, हा प्रश्न निबंध आपल्याला विचारायला शिकवतो. त्याचे उत्तर 1916 च्या पानांत नाही. ते आपण शोधायचे आहे.

पाकिस्तानवरील ग्रंथाबाबत विशेष सावधगिरी लागते. मार्च 1940 मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला ठराव केला, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याचा अभ्यास करण्यासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यातून त्याच वर्षाच्या अखेरीस ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ प्रसिद्ध झाला. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि या ग्रंथाची रचना न्यायालयातील सुनावणीसारखी आहे. पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचा दावा मांडला आहे, दुसऱ्या भागात पाकिस्तानविरुद्ध हिंदूंचा दावा, तिसऱ्यात पाकिस्तान नाही तर दुसरे काय याची चर्चा. या भागांत बाबासाहेब त्या त्या पक्षाचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडतात. लेखकाने स्वतःचे मत सांगितले नाही अशी टीका पहिल्या आवृत्तीवर झाली, म्हणून 1945 च्या आवृत्तीत त्यांनी पाचवा भाग नव्याने जोडला आणि तो का जोडला हेही प्रस्तावनेत सांगितले. आज या ग्रंथातले एक-एक वाक्य उचलून कोणी मुसलमानांविरुद्ध वापरतो, कोणी हिंदू नेतृत्वाविरुद्ध, आणि ते वाक्य कोणत्या भागातले आहे हे दोघेही सांगत नाहीत. एकदा आमच्या अभ्यासवर्गात एक तरुण फोनवर आलेले असेच एक अवतरण घेऊन अत्यंत अस्वस्थ होऊन आला होता. आम्ही हा ग्रंथ असलेला आठवा खंड काढला, मागची आणि पुढची पाने मोठ्याने वाचली, आणि तासाभरात त्याच्या लक्षात आले की ते वाक्य एका पक्षाचा दावा मांडणाऱ्या प्रकरणातले आहे.

म्हणून हा ग्रंथ वाचताना पेन्सिलने प्रत्येक प्रकरणाच्या समासात ‘बाजू कोणाची’ हे लिहावे. लेखकाचे स्वतःचे मत आले की तेथे वेगळी खूण करावी. आणि कोणतेही अवतरण पुढे पाठवण्यापूर्वी खंड, पान आणि प्रकरण नोंदवल्याशिवाय पाठवू नये. बाबासाहेबांचा आदर करण्याची ही सर्वात साधी रीत आहे.

आजच्या काळाशी संबंध कसा जोडावा, हा या मार्गदर्शनातला सर्वात कठीण भाग आहे. मी एक पद्धत पाळतो: कोणत्याही ग्रंथातून प्रश्न, पुरावा आणि उपाय या तीन गोष्टी वेगवेगळ्या काढून लिहितो, कारण तिघांचे आयुष्य सारखे नसते. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. त्यातला प्रश्न आहे अस्पृश्यता कशी निर्माण झाली हा. वंशभेदातून ती आली नाही, हे दाखवण्यासाठी बाबासाहेब त्या काळी मान्य असलेली नाकाच्या मोजमापांची आकडेवारीही वापरतात आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांत वांशिक फरक नाही असा निष्कर्ष काढतात. शरीराच्या मोजमापांवरून वंश ठरवण्याची ती रीत पुढे शास्त्राने टाकून दिली. म्हणजे पुराव्याचा तो भाग आज टिकत नाही. पण जात हा वंश नव्हे, ती समाजाने उभी केलेली व्यवस्था आहे, ही भूमिका 1916 पासून त्यांनी सातत्याने वेगवेगळ्या मार्गांनी मांडली आणि तिला त्या मोजमापांची गरज नाही. गावाबाहेर वसलेल्या पांगलेल्या टोळ्यांनी बौद्ध धर्म आणि गोमांसभक्षण सोडले नाही म्हणून त्या अस्पृश्य ठरल्या, हा त्याच ग्रंथातला सिद्धांत मात्र इतिहासविषयक तर्क म्हणूनच वाचावा. जेथे दुवे सापडत नाहीत तेथे कल्पनाशक्तीने आणि तर्काने ते सांधावे लागले आहेत, हे लेखकाने प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. जो लेखक स्वतःच्या मांडणीची मर्यादा सांगतो, त्याचे म्हणणे तपासणे हा त्याचा अवमान कसा ठरेल?

‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (1947) मध्ये हीच पद्धत उलट्या बाजूने उपयोगी पडते. शेतजमीन, मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही रचना घटनेतच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताला ती मोडता येणार नाही, असा उपाय त्यात सुचवला आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेले हे निवेदन होते, आणि त्यातल्या स्वतंत्र मतदारसंघांसारख्या मागण्या अंतिम घटनेत आल्या नाहीत. आज जमिनीच्या सामुदायिक मालकीविषयी वाचकाचे मत काहीही असो, उपायामागचा प्रश्न बाजूला काढून पाहावा: ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, तो आपले मूलभूत हक्क मालकापुढे कसे वापरणार? कंत्राटी सफाई कामगारांशी, ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांशी बोलून पाहिले की या प्रश्नाला वर्ष लावण्याची गरज उरत नाही.

काही वेळा आपण अभिमानापोटी चुकीचा दुवा जोडतो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (1923) या ग्रंथाचा उल्लेख रिझर्व्ह बँकेच्या जन्माशी इतक्या सहज जोडला जातो की ग्रंथ वाचायचा राहूनच जातो. तो वाचल्यावर दिसते की चलनाचा पुरवठा सरकारच्या मर्जीवर सोडू नये, नोटा काढण्याला ठरावीक मर्यादा असावी आणि किमती स्थिर राहाव्यात, कारण महागाईत मजुरीवर जगणारा आधी भरडला जातो, असा त्याचा आग्रह आहे. चलनवाढीच्या आजच्या चर्चेत हा आग्रह ठेवून पाहावा. संस्थेच्या श्रेयापेक्षा तो कितीतरी मोलाचा आहे.

भाषिक राज्यांवरील लेखन मराठी वाचकाने टाळू नये, उलट तेथे जास्त वेळ द्यावा. 1948 मध्ये बाबासाहेबांनी भाषावार प्रांतरचनेला, प्रांताची राजभाषा केंद्राचीच असावी या अटीवर, पाठिंबा दिला आणि मुंबई महाराष्ट्राचीच असा पक्ष घेतला. 1955 च्या अखेरीस, राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आल्यानंतर, त्यांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ लिहिले आणि त्यात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत, मुंबई हे त्यांपैकी एक स्वतंत्र राज्य असावे, असे सुचवले. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणींवर वाढलेल्या वाचकाला हे पान जड जाते, मलाही गेले. दोन्ही लेखने शेजारी ठेवून, मधल्या सात वर्षांत काय बदलले ते शोधावे. एका राज्यात एकच भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही, हा भेद त्यांनी तेथे स्पष्ट केला आहे. उत्तरेतील अवाढव्य राज्ये आणि दक्षिणेतील लहान राज्ये यांतल्या असमतोलाची, भाषिक राज्यात बहुसंख्य असणारी एखादी जात लहान समूहांना दडपील याची, आणि निजामी राजवटीत मागे पडलेल्या मराठवाड्याची चिंता या लेखनात आहे. उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहार व मध्य प्रदेश यांचे प्रत्येकी दोन भाग करावेत असे त्यांनी सुचवले होते. 2000 मध्ये झारखंड, छत्तीसगड आणि उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल) झाले, तेव्हा भविष्यवाणी खरी ठरली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु उत्तराखंडाची सीमा त्यांच्या त्रिभाजनाशी जुळत नाही, आणि भविष्यवाणी म्हणून वाचले की कारणे वाचायची राहतात. ती कारणे मात्र आज लोकसभेच्या मतदारसंघ पुनर्रचनेच्या चर्चेत उत्तर आणि दक्षिण यांच्या जागांवरून वाद चालतो तेव्हा, किंवा 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन करूनही मराठवाडा आणि विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न पुन्हा निघतो तेव्हा, जशीच्या तशी समोर ठेवता येतात.

खंडांतला सगळाच मजकूर एका दर्जाचा पुरावा नाही, हेही ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांनी स्वतः छापून घेतलेले ग्रंथ वेगळे, आणि तिसऱ्या व चौथ्या खंडांतील ‘रेव्होल्यूशन अँड काउंटर-रेव्होल्यूशन इन एन्शंट इंडिया’ व ‘रिडल्स इन हिंदुइझम’ यांसारखी, त्यांच्या निधनानंतर हस्तलिखितांवरून छापलेली अपुरी लेखने वेगळी. अठराव्या खंडातली मराठी भाषणे पुष्कळदा त्या काळच्या वृत्तपत्रांच्या वृत्तांतावरून घेतलेली आहेत. त्यांत बाबासाहेबांची बोलकी मराठी भेटते, तिचा आनंद जरूर घ्यावा, पण नेमक्या शब्दावर युक्तिवाद उभारायचा असेल तर त्यांच्या हातून छापला गेलेला ग्रंथच आधाराला घ्यावा.

‘हू वेअर द शूद्राज?’ (1946) शेवटी ठेवावा. महात्मा जोतीराव फुले यांना अर्पण केलेल्या या ग्रंथात ऋग्वेदातील राजा सुदास, पुरुषसूक्त, उपनयनाचा अधिकार यांविषयी दाट मांडणी आहे आणि सावकाश, दिवसाला दहा पानांपेक्षा जास्त न वाचता, ती समजते. शूद्र हे मूळचे क्षत्रियच होते, हा त्यातला सिद्धांत संस्कृत ग्रंथांच्या वाचनावर उभा आहे; त्यानंतर पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र यांनी प्राचीन लोकसमूहांविषयी नवी सामग्री पुढे आणली आहे, तिच्यासह तो तपासावा.

25 नोव्हेंबर 1949 चे घटना समितीतले भाषण मात्र कोणत्याही टप्प्यावर, पुन्हा पुन्हा वाचावे. ते तेराव्या खंडात आहे. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यात आहे, आणि 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात केलेल्या ‘रानडे, गांधी आणि जिना’ या भाषणात त्याच विचाराचे आधीचे रूप सापडते. ही दोन भाषणे एकाच आठवड्यात वाचली तर जवळजवळ सात वर्षांत एक विचार पक्षीय वादातून राष्ट्राच्या घटनेपर्यंत कसा पोहोचला ते दिसते.

अभ्यासवर्ग चालवायचा असेल तर चार-पाच माणसे पुरेत. प्रत्येक बैठकीला एकाने ग्रंथातील एका प्रकरणावर पानभर लेखी आक्षेप आणावा, दुसऱ्याने केवळ त्या ग्रंथातल्या पानांच्या आधारे बाबासाहेबांच्या बाजूने उत्तर द्यावे, आणि पुढच्या वेळी दोघांनी जागा बदलाव्यात. आमच्याकडे आक्षेप घेण्याची पाळी आली की सुरुवातीला सगळेच संकोचत; आता त्या पाळीसाठी माणसे दोन दोन आठवडे तयारी करतात, आणि खंडांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा दाटल्या आहेत.